कपाटातली सुगंधी पुरचुंडी: फुलांपेक्षा मुळांवर भरवसा ठेवावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात खाडीलगतच्या इमारतीत आपले घर आहे. घरात चार महिन्यांचे बाळ असल्यामुळे कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आपण काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी सुकवलेल्या गुलाबपाकळ्यांवर लॅव्हेंडर तेलाचे थेंब टाकून सॅटिनच्या लहान पिशव्या शिवून ठेवल्या. तीन आठवड्यांत त्यांचा वास गेला, दोन पिशव्यांना बुरशी आली आणि एका पिशवीखालच्या पैठणीवर तेलकट डाग उमटला. आता या पिशव्या नेमक्या कशा कराव्यात, असे आपण विचारले आहे.

रत्नागिरीजवळ राहून गेली सव्वीस वर्षे मी अशा पुरचुंड्या करते आणि आपण सांगितलेल्या तिन्ही चुका मी पहिल्या दोन वर्षांत केलेल्या आहेत. त्या तीन वेगळ्या चुका नाहीत. गंधासाठी आपण फुलांवर विसंबून राहिलात, हीच मूळ चूक. गुलाबाची पाकळी सुकली की तिच्यात गंध फारसा उरत नाही. तो कमी पडतो म्हणून आपण वरून तेल घालतो आणि त्या तेलाचा डाग पडतो. पाकळी वरून कुरकुरीत वाटली तरी देठाकडच्या जाड भागात ओल राहते आणि त्या ओलीतून बुरशी येते. आपल्याकडच्या जुन्या बायका ट्रंकेत वाळ्याची जुडी, नागरमोथा, कापूरकाचरी अशी सुवासिक मुळे ठेवत असत, गुलाब ठेवत नसत, याचे कारण त्यांना अनुभवाने कळलेले होते.

हे कारण ऊर्ध्वपातनाच्या भट्टीवर स्पष्ट दिसते. लॅव्हेंडरच्या तुऱ्यांतले तेल वाफेबरोबर साधारण तासाभरात उतरते. वाळ्याच्या मुळांतले तेल उतरायला मात्र बारा-अठरा तास आणि कधी त्याहूनही अधिक वेळ भट्टी पेटती ठेवावी लागते, कारण त्यातले गंधद्रव्य जड असते आणि सहजासहजी उडून जात नाही. भट्टीवाल्याला जो हट्टीपणा महागात पडतो, तोच आपल्याला कपाटात हवा असतो. नागरमोथा, कापूरकाचरी, चंदन आणि देवदार यांचे गंधही थोड्याफार फरकाने याच जातीचे आहेत. ते पहिल्या दिवशी घमघमत नाहीत, पण सहा महिन्यांनी कपाट उघडले तरी जागेवर असतात. शिवाय ही मुळे आणि ही लाकडे हलक्या गंधांना स्वतःजवळ धरून ठेवतात. युरोपात हे काम आयरिस फुलझाडाच्या सुकवलेल्या कंदाकडून करून घेतात. त्यासाठी परदेशी कंद मागवण्याची आपल्याला काहीच गरज नाही.

म्हणून माझ्या मिश्रणात दोन तृतीयांशांहून अधिक भाग मुळांचा असतो. पंचवीस ग्रॅमच्या वीस पुरचुंड्या भरण्यासाठी अर्धा किलो मिश्रण लागते. त्यात मी दीडशे ग्रॅम वाळा, शंभर ग्रॅम नागरमोथा, शंभर ग्रॅम कापूरकाचरी, पन्नास ग्रॅम देवदाराचा भुसा, चाळीस ग्रॅम सुकवलेला दवणा किंवा मरवा, तीस ग्रॅम सुकी बकुळ, वीस ग्रॅम लवंग आणि दहा ग्रॅम लोबान घेते. खरे चंदन परवडत असेल तर देवदाराच्या पन्नास ग्रॅमपैकी दहा ग्रॅम चंदनाचा चुरा घालावा. त्याहून जास्त घालणे ही उधळपट्टी आहे, कारण वाळ्यापुढे ते वेगळे जाणवत नाही. हे प्रमाण दगडावरची रेघ नव्हे. पुरुषांच्या कपड्यांसाठी मी लवंग आणि देवदार वाढवते, लहान मुलांच्या कपड्यांसाठी लवंग पूर्ण वगळते आणि ते वीस ग्रॅम वाळ्यात मिळवते.

हे सारे काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. दिवाळीच्या आधी उटण्याचे सामान म्हणून नागरमोथा, कापूरकाचरी, गव्हला या वस्तू ताज्या येतात, तेव्हा त्या घेणे उत्तम. कुटलेले तयार चूर्ण मात्र कधीही घेऊ नये; त्यात काय कुटले आहे ते कळत नाही आणि त्याचा अर्धा गंध दुकानातच उडालेला असतो. नागरमोथ्याची गाठ बाहेरून काळपट असते; ती फोडून हुंगावी आणि मातीचा कुबट वास आला तर ती परत करावी. कापूरकाचरीच्या चकत्यांना कडेला तपकिरी साल आणि मध्ये पांढरा गर असतो. गराला लहान भोके दिसली तर तिला कीड लागलेली आहे असे समजावे. कीड घालवण्यासाठी केलेल्या पुरचुंडीतूनच कपाटात कीड जाणे यासारखी दुसरी नामुष्की नाही. लोबान म्हणून अनेक ठिकाणी राळ मिसळलेले खडे देतात. राळेला गंध जवळजवळ नसतो, म्हणून एक खडा निखाऱ्यावर टाकून पाहिल्याशिवाय मी तो विकत घेत नाही.

फुले पूर्ण वर्ज्य आहेत असे मी म्हणत नाही. ती निवडून घ्यावीत, एवढेच. सुकल्यावरही गंध टिकवणारे आपल्याकडचे अव्वल फूल म्हणजे बकुळ. तळकोकणात आणि गोव्यात तिला ओवळ म्हणतात. तिचे वळेसर माळून झाल्यावर बायका ते फेकून न देता कपड्यांच्या घडीत ठेवत असत, आणि वर्षाने ते तपकिरी, कागदासारखे झाले तरी त्याला वास असे. दुसरे फूल सुरंगीचे. वेंगुर्ले तालुक्यात आसोली-आरवलीकडे फेब्रुवारीपासून सुरंगी फुलू लागते आणि तिच्या कळ्या वाळवून विकल्या जातात. त्या मिळाल्या तर बकुळीऐवजी वापराव्यात, पण वीस पुरचुंड्यांत वीस ग्रॅमपेक्षा जास्त घालू नयेत, कारण त्यांचा गोडसर उग्रपणा बाकीच्यांना दाबून टाकतो. केवड्याचे पान साड्यांच्या घडीत ठेवण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण ते पुरचुंडीत भरू नये; ते जाड असते, आतून लवकर सुकत नाही आणि कडेच्या काट्यांमुळे कापडही फाटते. मोगरा, जाई, जुई आणि सोनचाफा सुकवण्याच्या भानगडीत पडूच नये. त्यांचा गंध फुलाच्या ओलाव्याबरोबर जातो आणि हाती उरतो तो केवळ पाचोळा. लॅव्हेंडर आवडत असेल तर जम्मूतल्या भद्रवाह भागात त्याची लागवड आता मोठ्या प्रमाणावर होते; तिथल्या सुक्या कळ्या मागवाव्यात आणि दवण्याच्या जागी घालाव्यात. बाटलीतल्या तेलापेक्षा कळी कितीतरी जास्त दिवस टिकते.

दवण्याविषयी थोडे विषयांतर करते. चैत्रात ज्योतिबाला आणि खंडोबाला दवणा वाहतात, त्या दिवसांत बाजारात त्याच्या जुड्या स्वस्त मिळतात. मी वर्षभराचा दवणा तेव्हाच घेते, जुड्या उलट्या टांगून सावलीत आठ-दहा दिवस सुकवते आणि मग हातानेच चुरते. त्याचा फळांच्या मुरंब्यासारखा गंध मुळांच्या मातकटपणाला उजळ करतो. माझ्या मिश्रणातून एखादी वस्तू काढायचीच झाली तर मी लवंग काढेन, देवदार काढेन, पण दवणा काढणार नाही.

आता सुकवण्याकडे येते, कारण सारे यश या एका कामावर अवलंबून आहे. दुकानातून आणलेली मुळे सुकी दिसली तरी त्यांना दोन दिवस कडक ऊन द्यावे. वाळ्याला माती असेल तर तो भराभर धुऊन घ्यावा, पाण्यात भिजत ठेवू नये, आणि पंख्याखाली एक दिवस निथळल्यावरच उन्हात घालावा. पाने आणि फुले मात्र सावलीतच सुकवावीत. परीक्षा सोपी आहे: नागरमोथ्याची गाठ खलबत्त्यात घातल्यावर कट् असा आवाज करून फुटली पाहिजे, ती चेपली गेली तर अजून ऊन हवे. दवणा मुठीत दाबल्यावर त्याचा चुरा व्हायला हवा, गोळा होता कामा नये. घाईने ओव्हनमध्ये किंवा तव्यावर गरम करण्याचा मोह टाळावा, कारण जो गंध जपण्यासाठी हा खटाटोप आहे तोच स्वयंपाकघरात दरवळून संपतो. अर्थातच हे काम पावसाळ्यात करण्याचे नव्हे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा उन्हाळा सर्वोत्तम. तो हुकला तर दसऱ्यानंतरची ऑक्टोबरची उन्हे धरावीत. आपण पुरचुंड्या जुलै महिन्यात केल्या, असे आपल्या पत्रावरून दिसते. त्या हवेत ठाण्याला काय किंवा रत्नागिरीला काय, कोणाचीही पाकळी खऱ्या अर्थाने सुकणार नाही.

सुकलेली मुळे भरड कुटावीत, वस्त्रगाळ चूर्ण करू नये. बारीक चूर्ण पहिल्या आठवड्यात छान दरवळते आणि मग एकदम मंद होते, कारण गंध बाहेर पडण्याचे सारे मार्ग आपण एकदमच मोकळे केलेले असतात. शिवाय चूर्ण कापडातून झिरपून घड्यांवर बसते. वाळा कात्रीने बोटाच्या पेराएवढा कापावा. नागरमोथा आणि कापूरकाचरी ज्वारीच्या कण्यांएवढी ठेवावी. लवंगा फक्त ठेचाव्यात. मिक्सर वापरायचाच असेल तर एका वेळी दोन-तीन सेकंदच फिरवावा, कारण भांडे तापते. कुटल्यावर उडालेली भुकटी चाळून काढावी. ती फेकू नये, उटण्यात चालते.

तेलाशिवाय ही पुरचुंडी पुरेशी सुगंधी होते. तरीही तेल घालायचे असेल तर ते कधीही शिवलेल्या पिशवीवर घालू नये. अर्धा किलो मिश्रणाला वाळ्याचे किंवा दवण्याचे शुद्ध तेल दोन मिलिलिटर, म्हणजे साधारण चाळीस थेंब, एवढेच घ्यावे. हे थेंब आधी कुटलेल्या लोबानात आणि देवदाराच्या भुशात जिरवावेत आणि मग तो भुसा मुळांत मिसळावा. मिश्रण काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत घट्ट झाकण लावून तीन आठवडे अंधारात ठेवावे आणि एक दिवसाआड हलवावे. बरणी लोणच्याची नसावी, हे सांगण्याची वेळ माझ्यावर स्वानुभवाने आली आहे. पहिल्या आठवड्यात लवंग सगळ्यांच्या वर ओरडत असते, दुसऱ्यात दवणा पुढे येतो आणि तिसऱ्याच्या शेवटी कोणताच गंध वेगळा ओळखता येत नाही. मिश्रण भरण्याची वेळ तीच.

आणखी एक घोटाळा मी स्वतः केलेला आहे. एका उन्हाळ्यात जास्त थंड वास यावा म्हणून मी पुरचुंड्यांत कापराबरोबर पुदिन्याचे फूल, म्हणजे मेंथॉलचे स्फटिक घातले. हे दोन घन पदार्थ एकमेकांना लागले की पाझरून त्यांचा द्रव होतो. अमृतधारा नेमकी याच गुणावर तयार होते. दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीच्या पांढऱ्या सुती साडीवर पिवळसर डागांची रांग उमटली होती. तेव्हापासून पुरचुंडीत कापूर घालणे मी सोडून दिले. तो तसाही हवेत लवकर उडून जातो, काही प्रकारच्या प्लास्टिकला मऊ करतो आणि मुलाने तोंडात घातला तर झटके येण्याइतका विषारी ठरतो.

डांबराच्या गोळ्या काढण्याचा आपला निर्णय योग्यच आहे. त्या नॅप्थलीनच्या असतात आणि नॅप्थलीन दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळवत, म्हणून त्यांचे नाव तसे पडले. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला या गोळ्यांत ठेवलेले कपडे घातले किंवा अशा दुपट्यात गुंडाळले, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आहे की नाही हे बाळाकडे पाहून कळत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली नॅप्थलीनला माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात घातले आहे. ज्या कपड्यांना आधीच तो वास लागला आहे ते धुऊन, दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात ठेवूनच बाळाजवळ न्यावेत. बाळाच्या स्वतःच्या कपड्यांच्या खणात मी सुगंधी पुरचुंडीसुद्धा ठेवणार नाही. तिथे धुतलेले आणि नीट वाळलेले कापड पुरे. मोठ्यांच्या कपाटातली पुरचुंडीही रांगत्या मुलाच्या हाताला लागेल इतकी खाली असू नये.

मात्र डांबराच्या गोळीचे काम सुगंधी पुरचुंडी पूर्ण करील अशी अपेक्षा ठेवू नये. आपण ज्याला सरसकट कसर म्हणतो ते दोन वेगळे जीव आहेत. एक चंदेरी, चपळ, खळ आणि कागद खाणारा. दुसरी लोकरीच्या पतंगाची अळी, जी लोकर आणि रेशीम खाते. देवदार, लवंग, दवणा यांच्या वासाने हे जीव काही प्रमाणात दूर राहतात, पण आधीच पडलेली अळी त्याने मरत नाही. तिला सर्वात प्रिय असतो कपड्यावरचा घाम आणि अन्नाचा डाग. म्हणून लग्नाहून आलेली साडी तशीच घडी करून ठेवली, तर भोवती वीस पुरचुंड्या असल्या तरी उपयोग नाही. लोकरीच्या कपड्यांत अळी सापडलीच, तर ते प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावेत आणि बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला आल्यावरच उघडावी.

कापडाबद्दल थोडक्यात सांगते. सॅटिनमधून गंध नीट बाहेर येत नाही आणि आत ओल कोंडते. जुने मऊ मलमल किंवा धुऊन धुऊन विरळ झालेले सुती धोतर याला तोड नाही. नवे मलमल घेतल्यास ते गरम पाण्यात दोनदा धुऊन त्याची खळ पूर्ण काढावी, नाहीतर कसरीला आपण होऊन आमंत्रण दिल्यासारखे होते. दहा सेंटिमीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद अशी दुहेरी पिशवी शिवावी, तिच्यात पंचवीस ग्रॅमच भरावे आणि आत थोडी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे ती पुढे बोटांनी चोळता येते. तोंड पांढऱ्या दोऱ्याने बांधावे. पूजेचा लाल-पिवळा दोरा दिसायला सुंदर असतो, पण पहिल्या दमट हवेत त्याचा रंग उतरतो. ओल शोषण्यासाठी पिशवीत तांदूळ घालण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. तो ऐकू नये, तांदळात टोके, म्हणजे धान्यातले किडे, होतात. मिठाला पाणी सुटते. ओल शोषायची असेल तर सिलिका जेलच्या पुड्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवाव्यात. कोळसा मात्र पुरचुंडीच्या शेजारी नको, कारण तो दुर्गंधाबरोबर आपला सुगंधही गिळतो.

एका ड्रॉवरला एक पुरचुंडी पुरते. टांगलेल्या कपड्यांच्या कपाटात तीन-चार हँगरना अडकवाव्यात. पैठणीच्या बाबतीत मी फार कडक आहे. जरीला पुरचुंडीचा स्पर्श होताच कामा नये, मग तिच्यात तेल असो वा नसो. पैठणी धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी, पुरचुंडी त्या गुंडाळीच्या बाहेर खणाच्या कोपऱ्यात ठेवावी आणि दर तीन-चार महिन्यांनी साडी काढून घडी बदलावी, नाहीतर जर घडीवरच तुटते. दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत किंवा वर्तमानपत्रात ती ठेवू नये. आपल्या साडीवरचा डाग पाण्याने चोळू नका. वर टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवा, मऊ ब्रशने झटका आणि उरलेला डाग रेशीम हाताळणाऱ्या धुलाईवाल्याकडे, तो तेलाचा आहे हे सांगून, द्या.

खाडीजवळच्या घरासाठी माझा सल्ला पुस्तकी सल्ल्यापेक्षा वेगळा आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला की पुरचुंड्या कपाटातून काढून घ्याव्यात आणि घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करून ठेवाव्यात. आषाढ ते भाद्रपद या काळात कपाटाला सुगंधापेक्षा कोरडेपणा अधिक हवा असतो. तेव्हा सिलिका जेल बदलत राहावे आणि उघडीप मिळेल त्या दुपारी दारे सताड उघडी टाकून पंखा लावावा. नवरात्राच्या सुमारास बरणी उघडली की पुरचुंड्या ताज्या झालेल्या आढळतील, कारण तीन-चार महिने त्यांचा गंध कोठेच गेलेला नसतो. त्यांना एक सकाळ वाऱ्यावर ठेवून परत कपाटात ठेवाव्यात. एरवी दोन महिन्यांतून एकदा बोटांनी चोळले की आतली मुळे मोडतात आणि नव्या तुकड्यांतून पुन्हा गंध येतो.

अशी पुरचुंडी वापरात साधारण आठ महिने चालते. चोळूनही वास येईनासा झाला की पिशवी उसवून, धुऊन पुन्हा भरावी. आतला जुना माल, त्यात तेल घातलेले नसेल तर, संध्याकाळी धुपाटण्यात निखाऱ्यावर टाकावा. कपाटात गप्प बसलेला वाळा आणि लोबान निखाऱ्यावर पुन्हा बोलू लागतात. तेल घातलेला माल मात्र जाळू नये. तो कुंडीतल्या मातीत मिसळून टाकावा.